उन्हाळी लागली, तर कोणती गोळी?

नमस्कार मैत्रिणींनो. पुरुष श्रोत्यांनो, तुम्हीही रेडिओ बंद करू नका. मेडिकलमध्ये गोळ्या आणायला बहुतेक वेळा तुम्हीच जाता.

उन्हाळी लागणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लघवीला आग, थेंब थेंब होणं, जाऊन आलं की पुन्हा घाई. आई धने-जिऱ्याचं पाणी देते, सब्जा भिजवते. पाणी कमी प्यायल्याने होणारी जळजळ त्याने थांबतेही. पण ओटीपोट दुखतंय, लघवी गढूळ होतेय आणि घाई थांबत नाही, तर तो मूत्राशयाचा जंतुसंसर्ग समजा. जंतू बहुतेक वेळा एकच, ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्याला फार लांब जावं लागत नाही.

सांगायची लाज वाटते, म्हणून चिठ्ठीशिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या येतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत तपासलेल्या ई. कोलायपैकी निम्म्याहून अधिक जंतू आता या औषधाला दाद देत नाहीत. शिवाय त्याने स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायुबंधांना आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गात ते वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्येच बजावलं.

दुसरा पर्याय आहे, आणि तोही जुना. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे. मला हे औषध त्याच्या उणिवेमुळेच आवडतं. रक्तात ते फारसं टिकत नाही, मूत्रपिंडं ते लघवीत टाकून देतात. म्हणजे जिथे जंतू, तिथेच औषध. सहसा पाच दिवस, जेवणासोबत घ्यायचं. लघवी तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग. मात्र मूत्रपिंडं कमजोर असतील, जी-सिक्स-पीडीची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एंझाइमची, कमतरता असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील, तर हे चालत नाही.

फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पूड पाण्यात विरघळवून एकदाच घेतात. सोपं आहे, पण महाग. स्वस्तातलं कोट्रायमॉक्साझोल, आपल्या भागातले जंतू त्याला अजून दाद देत असतील तरच.

थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन पोहोचत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर असाल तर नुसत्या जळजळीसाठीही जा.

उलट, आजीला काहीच त्रास नाही, पण तपासणीत जंतू निघाले, एवढ्यावरून तिला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. हे घरच्यांना पटवता पटवता माझा घसा कोरडा पडतो.

आणि डॉक्टरांकडे जाताना, गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा. त्यावरून पुढची गोळी ठरते.