गोल मारणारा महाग, गोल वाचवणारा स्वस्त, असं का?

नमस्कार मंडळी! २०१३-१४ चा सीझन आठवा. लिव्हरपूलने इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, १०१ गोल ठोकले, त्यांचे स्ट्रायकर सुआरेझ आणि स्टरिज कुणाला ऐकतच नव्हते, तरी ट्रॉफी नेली मँचेस्टर सिटीने. सिटीचे गोल १०२, म्हणजे मारण्यात दोघं जवळपास सारखेच, पण सिटीने खाल्ले (म्हणजे त्यांच्यावर झाले) ३७ आणि लिव्हरपूलने तब्बल ५०! त्याच वर्षी स्पेनमध्ये रिआल माद्रिदचे १०४, बार्सिलोनाचे १०० आणि चॅम्पियन झाली ७७ गोलवाली अ‍ॅटलेटिको, कारण तिने खाल्ले फक्त २६.

मग डिफेन्सच भारी का? तर नाही, स्कोअर काय चाललाय त्यावर सगळं आहे, नीट बघा. जिंकलात तर ३ पॉइंट, ड्रॉ झाला तर १, हरलात तर शून्य. आता मॅच ०-० आहे. तुम्ही गोल मारला तर १ पॉइंटचे ३ होतात, म्हणजे २ चा फायदा, आणि खाल्ला तर हातातला १ जातो, बस्स. म्हणजे इथे अटॅकच जास्त कमावून देतो. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत जिंकल्यावर २ च पॉइंट मिळायचे, तेव्हा गोल मारा नाहीतर खा, फरक १ चाच, मग बाहेरच्या मैदानावर ड्रॉ मिळाला तरी टीम खूश.

आता तुम्ही १-० ने पुढे आहात. दुसरा गोल मारलात तर जीव भांड्यात पडतो हे खरं, पण पॉइंट ३ चे ३ च. आणि खाल्लात तर थेट २ गेले! म्हणजे तोच डिफेंडर, तोच टॅकल, पण आता त्याची किंमत दुप्पट झाली, आणि हायलाइट्समध्ये तो टॅकल दाखवतही नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

लिव्हरपूलने हे ओळखलं. जानेवारी २०१८ ला डिफेंडर व्हॅन डाइकसाठी ७.५ कोटी पाउंड मोजले, मग गोलकीपर अ‍ॅलिसन आणला, आणि लीगमध्ये खाल्लेले गोल ३८ वरून पुढच्या सीझनला २२ वर आले, मारलेले ८४ चे ८९ झाले, पण पॉइंट ७५ वरून ९७! शिवाय २०१९ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबची सगळ्यात मोठी स्पर्धा.

तरी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार? शेवटचा डिफेंडर कान्नाव्हारो, २००६. गोलकीपर आजवर एकच, याशिन, १९६३. २०१९ ला व्हॅन डाइक मतदानात मेस्सीच्या मागे फक्त ७ पॉइंटने राहिला, माझ्या मते तो पुरस्कार व्हॅन डाइकचाच होता. तुम्ही कुणाला दिला असता ते कमेंटमध्ये लिहा, मी वाचतोय.