ढगाखालची काळी माती

(दृश्य : मे महिना. यवतमाळ जिल्ह्यातलं वखरलेलं वावर. भेगेत घातलेला हात.)

या भेगेत मनगट बुडतं. सुकलेली काळी माती अंगावर पडलेल्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा आकाशात परत पाठवते. आता तिच्यावर ओंजळभर पाणी. बघा रंग. ओली झाली की ती जवळपास निम्माच उजेड परतवते. हा फरक ३६ हजार किलोमीटरवरच्या हवामान उपग्रहालाही दिसतो, फक्त मधे ढग नको. उपग्रहाच्या चित्रावरून आज ढग किती आणि सौरपंपाला ऊन किती, हे काढायचं, तर ढगाखालच्या मातीचा हा उजेड आधी ठाऊक हवा.

(दृश्य : संगणकाचा पडदा. भारतावरचे ढग सरकताना.)

इन्सॅट-३डीएस हा असाच हवामान उपग्रह, १७ फेब्रुवारी २०२४ ला उडाला. ८२ अंश पूर्व रेखांशावर थांबून तो दर अर्ध्या तासाला चित्र घेतो. दृश्य प्रकाशातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा सुमारे एक चौरस किलोमीटर, अडीचशे एकर. एवढ्यात पऱ्हाटी, तूर, धुरा, बरड, नाला सगळं येतं.

पिक्सेलमध्ये असतो ० ते १०२३ मधला एक आकडा. फाइलसोबतच्या तक्त्यावरून त्याचं परावर्तन, म्हणजे परतलेल्या उजेडाचा हिस्सा, काढायचं. मग सूर्य डोक्यापासून जितका कलला असेल, त्या कोनाच्या कोसाइनने भागायचं. सूर्याचं अंतरही धरायचं; जानेवारी आणि जुलैच्या उन्हात त्यामुळेच सुमारे ७ टक्के फरक पडतो. सकाळ-संध्याकाळची तिरप्या उन्हाची चित्रं सरळ वगळावीत, तिथे भागाकार बेभरवशाचा होतो.

(दृश्य : एकाच वावराची तीस चित्रं, एकावर एक.)

आता साडेअकराची चित्रं घ्या, सलग ३० दिवसांची. वेळ एकच हवी, कारण ऊन फिरलं की त्याच मातीचा उजळपणा बदलतो. ७४ अंशावरच्या दुसऱ्या उपग्रहाचे, इन्सॅट-३डीआरचे आकडे या रांगेत मिसळू नका, त्याची नजर वेगळ्या बाजूने येते. तीस आकडे चढत्या क्रमाने लावा. वरचे ढगांचे. मग सर्वांत खालचा मातीचा?

(दृश्य : वावरावरून धावणारी ढगाची सावली.)

नाही. तो बहुतेकदा हिचा असतो. दोन किलोमीटर उंचीवरचा ढग, ४५ अंशांवर सूर्य, तर सावली दोन किलोमीटर दूर पडते. वर आकाश मोकळं, खाली वावर काळंकुट्ट. म्हणून खालून दुसरा किंवा तिसरा आकडा घ्यावा. चित्र एक पिक्सेल जरी सरकलं, तरी वर्धेच्या पात्रातली वाळू शेजारच्या वावरात जाऊन बसते. म्हणून आधी धरणाचे काठ जुळवून पाहायचे.

(दृश्य : जुलै. झड. छत्री, चिखल, डवरणी थांबलेली.)

खरी अडचण इथे आहे. झड लागली की तीस दिवसांत एकही चित्र निरभ्र मिळत नाही आणि खालून तिसरा आकडाही पातळ ढगाचाच निघतो. उपग्रहाच्या उष्णता टिपणाऱ्या चित्रात उंच ढग थंड दिसतात, ते ओळखून वगळता येतात. खालचे कोमट ढग निसटतात. रांग साठ दिवसांची केली, तर तिच्यात मेची भेगाळलेली माती आणि जुलैची हिरवी पऱ्हाटी एकत्र येते. त्यापेक्षा झडीआधीचा शेवटचा भरवशाचा आकडा ठेवावा, त्यावर 'जुना' अशी खूण करावी आणि पहिली उघडीप मिळताच तो बदलावा. उन्हाळ्यातला मातीचा आकडा वर्षभर वापरणं या मातीवर अन्याय आहे.

(दृश्य : सौरपंप. पाइपातून येणारी पाण्याची धार.)

आता आजचं ऊन काढू. समजा शंभरातला उजेड माती १० परतवते, दाट ढग ७५ आणि आज पिक्सेलमध्ये दिसले ३०. पंचाहत्तरातून दहा गेले ६५, तिसातून दहा गेले २०. म्हणजे ढग ३१ टक्के, ऊन ६९. मातीचा आकडा चुकून १८ धरला, तर ढग २१ आणि ऊन ७९. कागदावरचं हे दहा टक्के जादा ऊन पंपापर्यंत पोचत नाही.

(दृश्य : धार बारीक होते. वाफ्याच्या टोकाला कोरडी माती.)