पत्रा वाजला पाहिजे

हा आवाज ऐका. आम्ही विकायला काढलेल्या या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या दाराखालच्या पट्टीवर दादा बोटाच्या हाडानं टकटक करतायत. टण्ण. आणि आता हा तीन वर्षांपूर्वीचा शॉट, तीच जागा, तेच बोट. बद्द. तो आवाज पुट्टीचा होता. वर चकचकीत रंग, खाली बोटभर पुट्टी आणि त्याच्या खाली पत्रा जवळपास नाहीच, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला, हे बघा.

गाडी आहे फोक्सवॅगनची टाइप टू, 1972 चं मॉडेल. 1967 पर्यंत या गाडीला पुढं दोन काचा असायच्या, मधे दांडी. त्यानंतर ही मोठी एकसंध काच आली म्हणून हिला बे विंडो म्हणतात. मुळात डच डीलर बेन पॉननं 1947 ला वहीत पेनानं एक डबा काढला होता, आणि मार्च 1950 ला वुल्फ्सबुर्गच्या कारखान्यात तोच डबा बनायला लागला. आता इंजिनच्या खणात कोरलेला हा नंबर बघा, रंगाखाली गडप झाला होता, दादांनी ब्रशनं हळूहळू मोकळा केला. पहिला 2 म्हणजे टाइप टू, तिसरा आकडा 2 म्हणजे बहात्तरचं मॉडेल. म्हणजे गाडी तीच आहे, कुणाचा तरी नंबर कुणाला तरी चिकटवलेला नाही.

छप्पर मात्र जर्मनीचं नाही, ते इथलंच, इंग्लंडमधल्या केंटच्या फोकस्टन गावचं. मार्टिन वॉल्टर कंपनीचं डॉर्मोबाइल छप्पर, एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसरी बाजू वर उचलायची की हे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड ताणून उभं राहतं, आत वर झोपायला स्ट्रेचरसारख्या दोन खाटा. गाडी सापडली तीसुद्धा केंटमध्येच, एका शेतावरच्या शेडमध्ये.

दादा म्हणजे माझे मावसभाऊ, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. दहावीत असल्यापासून काकांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचे. इथं पाच दिवस बस चालवतात आणि शनिवार-रविवार हे.

आता जरा थांबून बघा, कारण खरं काम हेच आहे आणि विकताना याचा फोटो कुणी लावत नाही. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळं दाराखालची पट्टी नुसती शोभेची नसते, ती वजन पेलते. आणि ती एक नसते, तीन पत्रे असतात, बाहेरचा, मधला, आतला. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी आत शिरतं आणि तिन्हींच्या मधे बसून राहतं. बाहेरचा एकच बदलून रंग मारला तर गाडी दोन वर्षं छान दिसते, एवढंच. आधीच्या गॅरेजनं तेवढंसुद्धा केलं नव्हतं.

दादांनी पहिल्यांदा काय केलं तर कापलंच नाही. दाराच्या चौकटीत तिरके पाइप वेल्ड केले, म्हणजे पट्टी काढल्यावर गाडी मधे खचणार नाही. मग तिन्ही पत्रे काढले, आतल्या पत्र्यापासून सुरुवात करत एकेक नवा बसवला, प्रत्येक थराला झिंक प्रायमर, आणि प्रत्येक वेळी दार लावून फट बघायची. वेल्डिंग पण सलग ओढायचं नाही, इथं एक टाका, मग हातभर लांब दुसरा, पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो लाटेसारखा उठतो. एका बाजूला चार महिने गेले. मी म्हटलं, दादा एवढं कोण बघणार आहे, तर मान वर न करता म्हणाले, "कोण बघणार नाही म्हणूनच नीट करायचं रे."

बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, सगळीकडं हेच. इंजिन उतरवलं त्या दिवशी कॅमेरा नव्हता त्यामुळं ते दाखवता येत नाही. सोळाशे सीसीचं, पन्नास हॉर्सपॉवर, हवेवर गार होणारं, रेडिएटर नाहीच.

पण हा पाइप बघा, पेट्रोलचा. वाकवला की भेगा दिसतात. इंग्लंडमध्ये 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याला टिकत नाही, आणि इंजिन मागं, केसिंग मॅग्नेशियम मिश्रधातूचं, एकदा पेटलं की विझवणं अवघड. दरवर्षी अशा गाड्या जळतात. त्यामुळं टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे पाइप आणि क्लिपा नवीन. ज्यांच्याकडं अशी जुनी गाडी आहे त्यांनी हा व्हिडिओ थांबवून आधी पाइप तपासा, खरंच.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स नाही, एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या गाडी तपासणीची सक्ती पण नाही, तरी दादांनी ती करून घेतली, कागद समोर आहे.

दादांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, आता गाडीखाली झोपता येत नाही, म्हणून विकायची. बावीस हजार पौंड. सोबत कामाचे सहाशे फोटो, कापलेल्या पत्र्यांचे सुद्धा.

हा काल संध्याकाळचा शॉट, फोकस्टनच्या किनाऱ्यावरचा. छप्पर वर आहे, आत चहा ठेवलाय. ती दादांची पिशवी, त्यात लोहचुंबक, फडक्यात गुंडाळलेला, रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी ते बघायला. जो बघायला येईल त्याच्या हातात पहिल्यांदा तो द्यायचा, मग किल्ली.