मार बसल्या बसल्या चोळू नका: स्नायूतल्या झोपलेल्या पेशींबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात फोंड्यातून, म्हार्दोळहून, काही जण तर थेट साखळीहून आलात, बरं वाटलं. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, स्नायूंच्या दुरुस्तीत स्टेम सेलचं नियंत्रण, त्यावर येतोच. पण आधी एक गोष्ट सांगायचीय जी मी जिथे माणसं भेटतील तिथे सांगत असतो. मुका मार बसलेला स्नायू लगेच चोळू नका. गरम खोबरेलाने नको, फेणीने नको, कशानेच नको.

भाच्याचं सांगतो. पावसाळ्यातली वाड्यावाड्यांची फुटबॉल मॅच, मैदानात नुसता चिखल, हेडरला उडी मारली आणि समोरच्याचा गुडघा ह्याच्या मांडीत बसला, पुढच्या बाजूला, बरोबर मध्यावर. हाड मोडलं नव्हतं म्हणून घरच्यांना वाटलं सुटलो. संध्याकाळी शेजारच्या गावातला एक चोळणारा बोलावला, हाताला गुण आहे म्हणून त्याची ख्याती, त्याने गरम तेल लावून दोन्ही अंगठ्यांनी मांडी अशी रगडली की पोरगा उशी दातात धरून पडलेला, आणि भोवती उभे असलेले सगळे म्हणतायत सोस रे, गाठ फुटतेय. अहो गाठ कुठली फुटतेय, आतलं रक्त पसरत होतं, नुकतं जुळायला लागलेलं परत फाटत होतं, आणि हे रोज चालू! महिन्याभराने गुडघा काटकोनातसुद्धा वाकेना. एक्स-रे काढला, मी तो खिडकीच्या उजेडात धरला तर मांडीच्या हाडासमोर, जिथे काहीच पांढरं दिसायला नको तिथे धुरकट पांढरा पट्टा. हाड होतं ते. स्नायूच्या आत हाड धरलं होतं. डॉक्टर ह्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मार जबर असेल तर न चोळताही हे होऊ शकतं, पण चोळल्याने धोका वाढतो, कुठल्याही स्पोर्ट्स फिजिओला विचारा. पोराचा अख्खा सीझन गेला, आणि मला अजून चीड येते कारण त्या खोलीतले सगळे मायेनेच वागत होते, फक्त आत काय चाललंय हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

ताई विचारतायत, मग चोळणं वाईटच का? नाही हो. दिवसभर माडांवर चढउतर करून पाडेलीच्या पोटऱ्या ठणकतात, त्याने रात्री तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर खुशाल चोळू दे. मी बोलतोय ते फाटलेल्या, रक्त साकळलेल्या स्नायूबद्दल.

चिठ्ठी आलीय, 10 मिनिटं उरलीत. तर भरभर सांगतो.

1961 साली अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत तंतूला चिकटून, तंतू आणि त्याच्यावरचं पातळ आवरण ह्यांच्या फटीत बसलेल्या बारीक पेशी दिसल्या. त्याच सॅटेलाइट सेल, म्हणजे पत्रिकेवरच्या स्नायूच्या स्टेम सेल, ज्यांच्यापासून नवा स्नायू बनतो. तंतूची स्वतःची केंद्रकं विभागत नाहीत, म्हणजे नवीन भर पडते ती इथूनच. 2011 मध्ये उंदरांतल्या ह्या पेशी मारून मग स्नायूला इजा केली, तर स्नायू भरून आलाच नाही.

एरवी ह्या झोपलेल्या असतात, आणि ती झोपही कोणीतरी राखावी लागते. नॉच नावाचा सिग्नल ती राखतो, तो तोडला तर काही लागलेलं नसतानाही पेशी उठतात आणि साठा संपत जातो. इजा झाली की त्या जाग्या होतात, त्यांच्यात मायोडी हे प्रथिन वाढतं, त्या भराभर विभागतात, मग मायोजेनिन आलं की विभागणं बंद आणि एकमेकींत मिसळून नवीन तंतू. थोड्या परत झोपायला जातात, पुढच्या वेळेसाठी. हे वेळापत्रक बरंचसं सांभाळतात मॅक्रोफेज, म्हणजे रक्तातून आलेल्या सफाईच्या पेशी. सुरुवातीचे एक-दोन दिवस त्या दाह वाढवतात, मेलेलं खाऊन टाकतात आणि सॅटेलाइट सेलना सांगतात विभागा, मग स्वतःच रूप बदलतात आणि सांगतात आता पुरे, तंतू बांधा. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतल्या, मानशीचं पाणी अडवणारं दार बघितलंय ना, भरतीला बंद, ओहोटीला उघडं, वेळ चुकली की खारं पाणी शेतात, तसंच हे.

आता भाच्याची मांडी. तंतूंच्या मधे एफएपी नावाच्या आणखी पेशी असतात, दुरुस्तीत त्या मदत करतात आणि काम झालं की कमी होतात, व्हायला हव्यात. दाह शमूच दिला नाही, रोज नवी इजा केली, तर त्या राहतात आणि चट्टा बनवतात, चरबी बनवतात, आणि ह्याच जातीच्या पेशींतून हाडही तयार होतं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज, मांडीला पुढून मार असेल तर फिजिओ पहिला दिवस गुडघा वाकवून बांधून ठेवतात. शेक नको, दारू नको. नंतर मात्र दुखण्याच्या आत राहून हालचाल सुरू करायचीच, ताण मिळाला तर नवे तंतू सरळ ओळीत बसतात, महिनाभर नुसतं निजून राहिलात तर स्नायू रोडावतो. आणि सूज मारणाऱ्या गोळ्या मनाने चालू ठेवू नका, 2017 मध्ये उंदरांत दिसलंय की प्रोस्टाग्लँडिन ई2 हे दाहात शरीरातच तयार होणारं रसायन सॅटेलाइट सेलना वाढायला सांगतं आणि अशा गोळ्यांनी तोच निरोप अडतो. डॉक्टरांना विचारून घ्या.

म्हातारपणाचं राहिलंच. 2005 मध्ये स्टॅनफर्डला म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं, तर म्हाताऱ्याच्या स्नायूतला नॉच परत जागा झाला आणि दुरुस्ती सुधारली. म्हणजे पेशी होत्या, त्यांना नीट निरोप मिळत नव्हते. सत्तरीतल्या मंडळींनी खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम कसा सुरू करायचा ते चहाच्या वेळी करून दाखवतो, खुर्च्या तेवढ्या भिंतीकडे सरकवा.