देव सांभाळतो म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगायचं?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कोकण मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. आणि आमच्या वसईच्या रिवाजाप्रमाणे जय ख्रिस्त.

सकाळपासून मालवण झालं, गुहागर झालं, दशावतार झाला. किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांबद्दल कोणीतरी बोलावं म्हणून कार्यकारिणीने मला उभं केलं. वसईचा किल्ला, सुकेळी, लग्नातली गाणी यांवर मी आनंदाने तासभर बोलले असते. पण गेल्या काही महिन्यांत इथल्या तरुण आईवडिलांनी मला जो प्रश्न पुन्हापुन्हा विचारला, त्यावर बोलायचं मी ठरवलं आहे. मूल रात्री घाबरतं. टॅबवर काहीतरी बघितलेलं असतं, ऑक्टोबरात हॅलोविनसाठी शेजारच्या दारावर सांगाडे लटकलेले असतात, आणि रात्री ते आपल्या पलंगाशी येऊन उभं राहतं. आपण म्हणतो, ‘झोप, देव आहे ना.’ ते विचारतं, ‘देव मला सांभाळेल? नक्की? काहीच होणार नाही?’

या ‘काहीच होणार नाही’ला काय उत्तर द्यायचं? मी आमच्या घरच्या श्रद्धेतून बोलणार आहे. इथे बसलेल्या बहुतेकांची श्रद्धा वेगळी आहे, पण घाबरलेलं मूल सगळ्यांच्याच घरात आहे.

आपण ज्या किनाऱ्याचे, तिथे भीती आणि राखण दोन्ही भरपूर. देवचार, मुंजा, वेताळ, गावाचा राखणदार ही नावं ऐकतच आपण वाढलो. ख्रिस्ती झाल्याने तिन्हीसांजेचा काळोख कमी काळा होत नाही. माझी आजी दोन्ही वेळा न चुकता प्रार्थना करायची, आणि मूल किरकिरलं की दृष्टही काढायची. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घ्यायच्या, डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. खाट सुटली नाही की म्हणायची, ‘बघ, केवढी लागली होती.’ मग हात लुगड्याला पुसून उजव्या अंगठ्याने कपाळावर क्रूस काढायची. तो अंगठा खरखरीत होता आणि त्याला मोहरीचा वास यायचा. क्रूस काढताना ती काही पुटपुटायची नाही, मोठ्याने म्हणायची, ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.’

आजीवर माझं अतोनात प्रेम होतं. तरी मुलांना शिकवताना मी त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. मिरच्यांचा धूर सांगतो की कोणाची तरी वाईट नजर तुझ्यावर आहे. कपाळावरचा क्रूस सांगतो की तू कोणाचा आहेस. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बाळाच्या कपाळावर हीच खूण करतात, मग आईवडील करतात, धर्ममातापिता करतात. बाळाला तेव्हा काही कळत नसतं. त्याच्या वतीने मोठी माणसं सैतानाचा धिक्कार करतात, श्रद्धा कबूल करतात, आणि पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हातात येते. संरक्षणाचं शिक्षण तिथे सुरू होतं. त्या दिवशी ‘होय’ म्हणालेल्या मोठ्यांचं ते काम आहे. रविवारच्या वर्गातल्या बाईंवर ते सोपवून चालत नाही.

आता अवघड भाग. क्रूस, स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे दोरीला जोडलेले पवित्र कापडाचे तुकडे), पवित्र पाणी, जपमाळ म्हणजे रोझरी यांचासुद्धा तावीज होऊ शकतो. हे माझं मत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की अंतःकरणाची साथ नसताना, नुसत्या बाह्य कृतीतच ताकद आहे असं मानून प्रार्थना किंवा पवित्र चिन्हं वापरणं ही अंधश्रद्धा होय. परीक्षेला जाताना खिशात जपमाळ ठेवायला माझी हरकत नाही. पण ‘ती विसरली म्हणून पेपर वाईट गेला’ असं मूल म्हणालं, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलायला हवं.

बायबलमध्ये रक्षणाचं सगळ्यात लाडकं स्तोत्र ९१वं. देव आपल्या पंखांखाली घेईल, रात्रीच्या भयाला तू भिणार नाहीस, तुझा पाय दगडाला ठेचू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील. आमच्या कितीतरी घरांत ते भिंतीवर असतं, आणि मुलांनी ते पाठ करावं असं मलाही वाटतं. पण त्याबरोबर मत्तयच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेचा, चौथा अध्यायही वाचून दाखवा. तिथे सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेतो आणि म्हणतो, उडी मार, देवदूत तुला झेलतील असं लिहिलेलं आहे ना? म्हणजे रक्षणाचं वचन सैतानालाही पाठ होतं! येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, असंही लिहिलं आहे, एवढंच तो म्हणतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे छान कळतं. देव सांभाळतो म्हणून आपण रस्ता न बघता ओलांडायचा का, असं विचारा, ते स्वतःच उत्तर देतं.

त्याहून मोठ्या मुलांना दानीएलच्या ग्रंथातली तीन तरुणांची गोष्ट सांगा: शद्रख, मेशख आणि अबेदनगो. राजाच्या सोन्याच्या मूर्तीला नमन केलं नाही म्हणून त्यांना धगधगत्या भट्टीत टाकण्याची शिक्षा होते. ते राजाला सांगतात, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे. पण त्याने नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. चित्रांच्या पुस्तकात आग असते, आगीत दिसलेला चौथा पुरुष असतो, सुखरूप सुटका असते. ‘नाही सोडवलं, तरी’ हे तेवढं गळतं. माझ्या मते अख्ख्या गोष्टीचा प्राण त्या तीन शब्दांत आहे.

हे मला वर्गात बसून समजलेलं नाही. वसईतल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मग होड्या रंगवून निघतात, फादर येऊन आशीर्वाद देतात, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पवित्र पाणी शिंपडतात, हार घालतात. मी लहान असताना, अशाच आशीर्वाद दिलेल्या एका होडीतून माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील गेले आणि परत आले नाहीत. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने सिस्टरना विचारलं, ‘आम्ही तर रोज रात्री रोझरी म्हणायचो. मग?’ सिस्टरनी ‘देवाची इच्छा’ म्हटलं नाही. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ असंही म्हटलं नाही. त्या उठून तिच्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिचा हात धरून रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानातला नावेचा प्रसंग वाचला. गालील सरोवरात वादळ उठलंय, लाटा नावेत शिरताहेत, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. शिष्य त्याला उठवून ओरडतात: आपण बुडतोय, तुम्हांला काहीच वाटत नाही का? सिस्टर म्हणाल्या, ‘हे विचारायला त्यांनाही वाटलंच. तूही विचार. रागावून विचार. तो नावेत आहे म्हणून वादळ येत नाही असं नाही, पण तो नाव सोडून गेलेला नाही.’

त्या मुलीला तेव्हा किती कळलं, मी सांगू शकत नाही. पण ती वर्गात येत राहिली. ‘रोझरी म्हटली की होडी बुडत नाही’ एवढंच जर तिला शिकवलेलं असतं, तर त्या एका रात्रीत तिचा बाप आणि देव दोघेही गेले असते. मुलांना खोटं आश्वासन देणं मला म्हणूनच क्रूर वाटतं. आपण ते मायेपोटी देतो, आणि ते पहिल्या मोठ्या दुःखात फुटतं.

आमच्या वसईचा संत घ्या. गोन्सालो गार्सिया: भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत, तोही वसईत. त्याच्या नावाचं कॉलेज आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल, काही तिथे शिकलेही असतील. जपानला गेला, व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन या संन्यासी संघातला बंधू झाला, आणि जपानी उत्तम बोलायचा म्हणून धर्मगुरूंचा दुभाषा झाला. त्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडून, डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर चढवलं. एकूण २६ जण. त्यांत लुई इबाराकी १२ वर्षांचा होता, अंतोनी १३ वर्षांचा. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संत घोषित केलं. लहान मुलांना हे सगळं तपशिलात सांगू नका. पण दहा-बारा वर्षांचं मूल विचारतंच की देवाने त्यांना का नाही वाचवलं. विषय बदलू नका. त्यांचा जीव गेला, पण आपण कोणाचे आहोत हे त्यांच्याकडून कोणाला हिसकावता आलं नाही, असं मी सांगते. मूल गप्प होतं. ते गप्प असताना मी आणखी काही बोलत नाही.

संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातली देवाची शस्त्रसामग्री रविवारच्या वर्गांत सगळ्यांची आवडती असते. पुठ्ठ्याच्या ढाली, चंदेरी कागदाची शिरस्त्राणं. करा जरूर, मुलं रमतात. फक्त यादी नीट वाचा. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची सिद्धता, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि तलवार म्हणजे देवाचं वचन. हे लिहिणारा माणूस त्या वेळी स्वतः बेड्यांमध्ये होता. आणि आपलं युद्ध रक्तमांसाशी नाही, असं तो आधीच बजावतो. म्हणजे शेजारचा मुलगा शत्रू नाही. दुसऱ्या धर्माचा वर्गमित्र तर नाहीच नाही. आमचं मूल गणपतीच्या आरतीला तुमच्या घरी येतं, तिथून ‘अपवित्र’ होऊन परत येत नाही. तसं कोणी त्याला शिकवत असेल तर ते पौलाचं शिक्षण नव्हे.

यादीत पहिला येतो तो सत्याचा कमरपट्टा. त्याचं उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो: वसईजवळच्या नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईतल्या जमिनी आणि पाणी गिळले जात होते, तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते धमक्यांना न जुमानता पुढे उभे राहिले. २०२४ मध्ये ते गेले. शस्त्रसामग्री म्हणजे काय, असं मोठ्या मुलांनी विचारलं की मी पुठ्ठा बाजूला ठेवते आणि दिब्रिटोंबद्दल सांगते.

सैतानाबद्दल किती बोलावं? थोडं. वाईट आहे, ते मोहात पाडतं, आणि देव त्याच्याहून मोठा आहे, एवढं लहान मुलाला पुरे. भूत उतरवण्याचे व्हिडिओ मुलांना अजिबात दाखवू नका. कॅथलिक चर्चमध्ये तो विधी बिशपांच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि आधी आजार नाही ना याची खात्री करून घ्यावी लागते. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, तर प्रार्थना कराच आणि डॉक्टरांकडेही न्या. भूत लागलंय म्हणून कोणाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा मला माझ्या श्रद्धेच्या विरुद्ध वाटत नाही.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगते. आध्यात्मिक संरक्षणाच्या नावाखाली मुलांना आंधळं आज्ञापालन शिकवू नका. धर्मगुरू असोत, वर्गाच्या बाई असोत, प्रार्थनेला आलेले काका असोत, कोणी नकोसा स्पर्श केला, ‘हे आपल्यातच ठेव’ म्हटलं, तर नाही म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं. देव त्याने रागावत नाही, हे मुलाला आपल्या तोंडून ऐकू द्या. लहानांपैकी एकालाही अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, हे येशूचे शब्द आहेत. तो इतका कठोर फार थोड्या वेळा बोलला.

आता रोजचं. सहा-सात वर्षांपर्यंत क्रुसाची खूण, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, ‘नमो मरिये’ आणि रक्षक देवदूताची छोटी प्रार्थना पुरे. मराठीतच शिकवा. इंग्रजी प्रार्थना ती इथल्या चर्चमध्ये शिकतीलच; मराठीतली आजीबरोबर फोनवर म्हणता येते. कपाळावर क्रूस तुम्ही काढा, मग मुलाला तुमच्या कपाळावर काढू द्या, फार आवडतं त्यांना. ‘वाइटापासून आम्हांला सोडव’ म्हणताना आज कशाची भीती वाटली ते विचारा. कुत्र्याची म्हणेल, पोहण्याच्या तासाची म्हणेल. हसू नका, तेच प्रार्थनेत घ्या. बापांनीही बसावं. प्रार्थना हे बायकांचं खातं आहे असं आमच्या घराघरांत चालत आलंय, आणि मुलगे बारा वर्षांचे झाले की बापाकडे बघून उठून जातात.

‘काहीच होणार नाही, नक्की?’ असं विचारलं तर मी म्हणते, ‘कधीकधी होतं, बाळा. पण तू एकटा नसशील. मी आहे, आणि मी नसेन तिथेही देव आहे.’ मग दिवा चालू ठेवायचा असेल तर चालू ठेवते.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलांचा वर्ग आमच्या घरी असतो, सगळ्यांना खुला आहे. येताना मुलांनी विचारलेले, तुम्हांला उत्तर न सुचलेले प्रश्न कागदावर लिहून आणा. मलाही सगळ्यांची उत्तरं येणार नाहीत, पण मुलांसमोर बसून आपण मोठे त्यावर मिळून बोलू.