आतड्यातून यकृताकडे : कर्करोगाचा प्रसार आणि पेशीतील ऊर्जेची जनुके

(दृश्य : नाशिकमधील एक पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, सकाळची वेळ. मायक्रोटोमचे चाक फिरते आहे.)

मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला मोठ्या आतड्याचा तुकडा पात्यावरून सरकतो आणि साधारण चार मायक्रॉन जाडीची फीत कोमट पाण्यावर तरंगू लागते. तंत्रज्ञ ती काचपट्टीवर अलगद उचलून घेतात. रंग चढवल्यावर गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेत काढलेल्या किमान १२ लसिका ग्रंथी तपासून रोग तिथवर पोहोचला आहे का, हेही सांगता येते. मात्र गाठीतील असंख्य पेशींपैकी नेमकी कोणती पेशी दूरच्या अवयवात जाऊन तग धरेल, हे या काचपट्टीवरून कळत नाही.

मोठ्या आतड्याचे रक्त यकृतद्वार शिरेवाटे थेट यकृतात जात असल्यामुळे प्रसाराचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा यकृतातच असतो. या प्रवासात पेशीला भिंत फोडावी लागते, रक्तप्रवाहात जिवंत राहावे लागते आणि मग परक्या, प्राणवायू कमी असलेल्या जागी वस्ती करावी लागते. या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते.

(दृश्य : पेशीचे रेखाचित्र, तंतुकणिका ठळक.)

ही ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांना, म्हणजे मायटोकाँड्रियांना, स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. केंब्रिज येथील संशोधकांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या नकाशात ३७ जनुके आहेत. त्यांपैकी केवळ १३ जनुकांपासून प्रथिने बनतात आणि ती सगळीच्या सगळी श्वसनसाखळीत, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेत, काम करतात. साखळीची उरलेली प्रथिने केंद्रकातील जनुकांवर अवलंबून असल्याने बिघाड दोन्हींपैकी कुठेही होऊ शकतो.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात असे आढळले होते, की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे रूपांतर लॅक्टिक आम्लात करतात. त्यावरून या पेशींची श्वसनयंत्रणाच निकामी झालेली असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि खरे सांगायचे तर तो गरजेपेक्षा बराच जास्त काळ टिकला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे १९९८ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या १० पेशीवंशांपैकी ७ पेशीवंशांच्या तंतुकणिकांतील डीएनएमध्ये बदल सापडले, तेव्हा वारबुर्ग यांच्या मताला पुरावाच मिळाला, असे कोणालाही वाटले असते.

परंतु असे बदल वय वाढलेल्या निरोगी आतड्यातही साचतात. गोठवलेल्या ऊतीच्या कापावर दोन विकरांची (एन्झाइमांची) चाचणी एकत्र केली, तर तंतुकणिकेच्या डीएनएवर अवलंबून असलेले सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर शाबूत असलेल्या आतड्याच्या ग्रंथी तपकिरी दिसतात आणि ते नसलेल्या निळ्या. निळा रंग येतो तो सक्सिनेट डिहायड्रोजनेज या दुसऱ्या विकरामुळे. त्याची चारही प्रथिने केंद्रकातील जनुकांपासून बनत असल्याने तंतुकणिकेचा डीएनए बिघडला तरी ते काम करत राहते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या ऊतीवर मात्र ही चाचणी होत नाही, कारण तोवर विकरे निष्क्रिय झालेली असतात.

बिघाडाचा प्रसाराशी थेट संबंध दाखवणारा प्रयोग जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या कर्करोगपेशींमधील तंतुकणिकांच्या डीएनएची अदलाबदल केली आणि डीएनएबरोबर प्रसाराची क्षमताही बदलली. श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाच्या, म्हणजे तिच्यातील प्रथिनांच्या पहिल्या गटाच्या, एका जनुकात बदल झाला होता, त्यामुळे घातक ऑक्सिजन रेणू वाढले होते. ते निष्प्रभ केल्यावर प्रसार रोखला गेला. हा प्रयोग आतड्याच्या पेशींवरचा नव्हता, हे येथे नमूद करायला हवे.

(दृश्य : कसारा घाट, मुंबईहून नाशिककडे येणारी वाहने.)

आतड्याच्या कर्करोगातले चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. घाटात चढ लागला की चालक सीएनजीवरची गाडी पेट्रोलवर घेतात. पसरणारी पेशीही परिस्थितीप्रमाणे इंधनाची वाट बदलते. यकृतात प्राणवायू कमी पडला, की ती क्रिएटिन कायनेज हे विकर पेशीबाहेर सोडते, तिथेच फॉस्फोक्रिएटिन हे ऊर्जा साठवणारे रसायन तयार करवून घेते आणि ते आत ओढून वापरते, असे २०१५ मध्ये दाखवण्यात आले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासात केमोथेरपीनंतर यकृतात उरलेल्या पेशी पुन्हा तंतुकणिकांच्या श्वसनाकडे वळल्याचे आढळले. एसआयआरटी१ आणि पीजीसी-१ अल्फा ही तंतुकणिकांची निर्मिती वाढवणारी प्रथिनांची जोडी त्यामागे होती. ती दाबल्यावर पेशी औषधाला अधिक बळी पडल्या. ज्या यंत्रणेला निकामी मानले गेले होते, तिच्याच आधाराने पेशी उपचारातून वाचत होती. त्यामुळे ऊर्जेच्या जनुकांचे काम वाढलेले आहे की घटलेले, हा प्रश्न प्रवासाचा टप्पा विचारात घेतल्याशिवाय अपुरा ठरतो.

श्वसनसाखळी सरसकट बंद करण्याचा प्रयत्नही झाला. पहिल्या संकुलाला रोखणाऱ्या आयएसीएस-०१०७५९ या औषधाच्या मानवी चाचण्या थांबवाव्या लागल्या; रुग्णांच्या रक्तातील लॅक्टेट वाढले आणि चेतातंतूंना इजा झाली, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहावरील मेटफॉर्मिनही याच संकुलावर सौम्य परिणाम करते, म्हणून कर्करोगासाठी ती गोळी आपणहून सुरू करावी, असे मात्र कोणीही समजू नये. यकृतातील गाठी मोजक्या असतील, तर त्या शस्त्रक्रियेने काढणे आणि जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा इरिनोटेकॅन असलेली केमोथेरपी देणे हाच आजचा रूढ उपचार आहे, आणि केमोथेरपीनंतर पेशी श्वसनाकडे वळतात त्या नेमक्या काळात त्यांना गाठता येईल का, याचा शोध आता घेतला जात आहे.