डिमेन्शियाला घरात काय म्हणायचं?

राम राम मंडळी. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलायचंय.

दवाखान्यातून फाइल येते. तिच्यावर लिहिलेलं असतं 'मेजर न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर', म्हणजेच डिमेन्शिया: आठवण, विचार किंवा वागणं इतकं बिघडतं की रोजचं जगणं अवघड होतं. ते घरात कुणालाच कळत नाही. शेजारी विचारतात, "काय व्हयनं?" मग आपण जवळचं नाव सांगून टाकतो. म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. यात माणसाचा अपमान होतो, आणि वयामुळेच झालंय असं एकदा ठरलं की तपासणीही थांबते. मला हे फार खटकतं. कारण बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, नैराश्य आलं तरी माणूस विसरायला लागतो, आणि त्यावर उपचार आहेत.

आणि साठीचं म्हणाल, तर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जिच्या आजाराचं वर्णन केलं, ती बाई दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती.

जपानमध्ये डिमेन्शियाच्या जुन्या नावात मूर्खपणाचा अर्थ होता. तिथल्या सरकारने २००४ मध्ये ते नाव बदललं. आपल्याला सरकारची वाट बघायची गरज नाही.

डिमेन्शियाचे प्रकार आहेत. त्यातल्या अल्झायमरला 'आठवणींचा आजार' म्हणा. त्यात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. म्हणून आजीला लग्नातली पंगत आठवते, पण सकाळी भाकरी खाल्ली हे आठवत नाही. ती नाटक करत नाहीये. बीपी-शुगरमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन जो होतो, तो 'रक्तपुरवठ्याचा आजार'. हे नाव ऐकलं की गोळ्या का चुकवायच्या नाहीत, हेही कळतं. तिसऱ्या एका प्रकारात सुरुवातीला आठवण चांगली असते, पण स्वभावच पालटतो. शांत माणूस चारचौघांत शिव्या देतो. त्याला 'वागणं बदलणारा आजार' म्हणा, म्हणजे घरचे त्या माणसाला दोष देणार नाहीत.

आता नीट ऐका. डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात, त्याला आपण 'अचानक आलेला गोंधळ' म्हणू. कालपर्यंत बरे असलेले बाबा आज घरच्यांना ओळखत नाहीत, मधेच झोपतात, मधेच बडबडतात. हा प्रकार तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवीन औषध, अशी कारणं असतात. आणि आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ऊन लागून, अंगातलं पाणी कमी होऊनही हे होतं. याला म्हातारचळ समजून घरी बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

फाइलवरचं मूळ नाव मात्र जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरला तेच लागेल. आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "हा कोणता प्रकार आहे, आणि बरं होण्यासारखं कारण तपासलंय का?" कुठं जायचं हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.